दोन तारा, दोन स्विच

श्रोते हो, तालुक्याच्या गावी बँकेत जा, दवाखान्यात जा, नाहीतर शाळेच्या कचेरीत जा. "आज सर्व्हर बंद आहे, उद्या या," हे वाक्य कधी ना कधी कानी पडतेच. पुष्कळदा सर्व्हर बिचारा धडधाकट असतो. बंद पडलेली असते ती त्याच्यापर्यंतची वाट. त्या वाटेविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत.

सर्व्हर म्हणजे सर्वांची माहिती सांभाळणारा संगणक. तो तारेने स्विचला जोडलेला असतो. स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे बरं का! अनेक संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात आणि माहितीची पुडकी जिथून ज्याची त्याला पोचवली जातात, ती ही पेटी. तार एकच असली आणि उंदराने ती कुरतडली, की कारभार थांबला. म्हणून दोन तारा टाकून त्यांची एक मोळी बांधतात. या मोळीचा नियम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २००० साली ठरवून दिला. सर्व्हर आणि स्विच एकमेकांना 'मी आहे' असा निरोप दर सेकंदाला किंवा दर ३० सेकंदांनी धाडतात. लागोपाठ तीन निरोपांचा वेळ कोरडा गेला, की ती तार मोळीतून वगळली जाते.

मग दोन तारांनी वेग दुप्पट होतो काय? पूर्वी मोठ्या विहिरीवर दोन मोटा चालत. त्यामुळे एक मोट काही लवकर वर येत नसे. पाटाला पाणी मात्र अधिक येई. तसेच हे. पुडक्यांचा क्रम बिघडू नये म्हणून एका देवघेवीची पुडकी एकाच तारेने जातात. लाभ होतो तो अनेक जण एकदम कामाला बसतात तेव्हा.

पण दोन्ही तारा एकाच स्विचला, आणि तो स्विचच जळाला तर? म्हणून एक तार एका स्विचला आणि दुसरी दुसऱ्याला न्यावी. मात्र कोणत्याही दोन स्विचांवर मिळून अशी मोळी बांधता येत नाही. सर्व्हरचा एकच पत्ता कधी या दारी, कधी त्या दारी दिसू लागतो आणि पुडकी भरकटतात. त्यासाठी खास स्विच लागतात, तेही सहसा एकाच बनावटीचे. ते आपसांत जोडतारेने बोलतात आणि सर्व्हरपुढे एकाच नावाने उभे राहतात. ती जोडतार तुटली, तर प्रत्येकाला वाटते दुसरा गेला, आणि दोघेही कारभारी होऊन बसतात! म्हणून एकमेकांची खुशाली कळायला आणखी एक निराळी वाट ठेवतात.

हा खर्च झेपत नसेल तर एक तार कामावर आणि दुसरी राखीव ठेवावी. याला साधे स्विचही चालतात. फक्त एक ध्यानात ठेवा : तारेचा दिवा लागला म्हणजे पुढची वाट मोकळी आहे असे नव्हे. स्विचच्या पलीकडचा एखादा पत्ता उत्तर देतो की नाही, हे सर्व्हरला अधूनमधून तपासायला सांगून ठेवता येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, दोन स्विच घेऊन दोन्ही एकाच विजेच्या पाटीवर लावले, तर सारे मुसळ केरात. वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून घ्या. आणि सुट्टीच्या दिवशी, सर्वांना आधी सांगून, एक तार मुद्दाम उपसून पाहा. काम चालू राहिले तर ठीक. नाही राहिले, तर ते निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा सुट्टीत कळलेले बरे.