पौलाचा काटा



आम्हा सरकारी नोकरांस उणीव झाकण्याची सवय असते. गोपनीय अहवालात तिची नोंद झाली की बढती अडलीच. संत पौलाने मात्र करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपली उणीव उघड सांगितली आहे. शरीरात सलणारा एक काटा निघावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. तो असतानाच पुरेल एवढ्या कृपेचे आश्वासन तेवढे मिळाले. हा काटा कोणता, यावर पंडितांचे अद्याप एकमत नाही. मला ते बरेच वाटते. ज्याने त्याने तेथे आपला काटा ठेवावा.

पंडिता रमाबाईंचा काटा होता बहिरेपणा. १८८३ साली त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. अधू श्रवणशक्तीमुळे तो मार्ग खुंटला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण कान काही सुधारले नाहीत. वैद्यकाऐवजी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे केडगावचे मुक्ति सदन. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक ग्रंथ पुढ्यात घेऊन त्या बायबल सोप्या मराठीत आणीत बसल्या. या कामास कान लागत नाहीत, असे कोणी म्हणेल. पण काळीज लागते. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी हातातले काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. केडगावच्याच छापखान्यात ते बायबल १९२४ साली छापून झाले. छपाईस हात लागले ते मुक्तीत आसरा मिळालेल्या स्त्रियांचे.