कालव्याकाठची वाट



सायकल म्हणजे कचेरीत वेळेवर पोहोचण्याचे साधन, अशी आपली समजूत असते. परंतु सावकाश जाण्यासाठीही तिच्यासारखे वाहन नाही. अमेरिकेतील चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने जाताना आम्हाला हे पटले. कंबरलंडपासून वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनपर्यंत, पोटोमॅक नदीच्या सोबतीने, ही वाट १८४.५ मैल जाते.

वाट मुळात खेचरांची. कोळशाने भरलेल्या नावा ती दोराने ओढीत. म्हणून दमवणारा चढ येथे नाहीच. एकूण ६०५ फुटांचा उतार ७४ हौदांनी जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवला आहे. नाव हौदात घ्यावयाची, दार लावून पाणी सोडावयाचे, आणि पातळी उतरली की पुढचे दार उघडावयाचे. पॉ पॉ येथे ३११८ फुटांचा विटांचा बोगदा लागतो. तेथे आम्ही उतरलो आणि दिव्याच्या उजेडात सायकली हातात धरून चाललो. पुढे कित्येक ठिकाणी कालवा कोरडा आहे, आणि त्याच्या पोटात मोठे वृक्ष वाढले आहेत.

या कालव्याचे दैव मात्र विचित्र. ४ जुलै १८२८ रोजी त्याचे काम सुरू झाले, आणि त्याच दिवशी त्याच्या प्रतिस्पर्धी रेल्वेचेही! रेल्वे १८४२ साली कंबरलंडला पोहोचली, कालवा १८५० साली. १९२४ च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या. १९३८ साली सरकारने तो विकत घेतला, आणि पुढे त्यावरून मोटारींचा रस्ता न्यावा असा बेत निघाला.

जानेवारी १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट पत्राने या बेताला दुजोरा दिला. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिले, की आधी माझ्याबरोबर ही वाट पायी चाला. मार्चमध्ये मंडळी निघाली. आठ दिवसांनी सारे अंतर चालून पोहोचलेले नऊच जण होते, त्यांत डग्लस एक. पत्राने आपले मत बदलले. रस्ता झाला नाही. १९७१ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

मंडळी, तो बेत कागदावर गैर दिसत नव्हता. नकाशात कालवा म्हणजे एक रिकामी रेघ होती. तिच्यावर काय आहे, ते चालणाऱ्यांनाच ठाऊक. आपल्या गावातही ओढ्याकाठच्या, तळ्याकाठच्या वाटा आहेत. त्यांचा निकाल लावण्याची वेळ येईल तेव्हा निकाल लावणाऱ्यांना आपण एवढेच म्हणावे: आधी एकदा आमच्याबरोबर सायकलीवरून चला.