कॅन्सर : नाव घेऊन बोलूया

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात झालेले व्याख्यान. वक्त्या आपल्या सोसायटीच्या सभासद असून शहापूर व मुरबाड तालुक्यांत आरोग्य सेवेत काम करून निवृत्त झाल्या आहेत.)



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं. मी विषय कळवला, कॅन्सर. दुसऱ्याच दिवशी जिन्यात एका काकूंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "ताई, पंचवीस वर्षांचा सोहळा आहे. जरा शुभ विषय घ्या ना." मी हसून "बघते" म्हटलं, पण विषय बदलला नाही. या पंचवीस वर्षांत आपल्या इमारतींमधल्या काही घरांत हा आजार येऊन गेला. आपण भेटायला गेलो, नारळपाणी नेलं, आणि खाली उतरल्यावर हळूच म्हणालो, "त्यांना ते झालंय." 'ते' म्हणजे काय, हे आपण मोठ्याने म्हणत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

आधी आजार समजून घेऊ. आपलं शरीर अब्जावधी पेशींचं बनलेलं आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि त्याला एक शिस्त असते. काही कारणाने एखाद्या पेशीतली ही शिस्त मोडली की ती थांबायचं विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत जातात आणि गाठ होते. पुढे त्यातल्या काही पेशी रक्तातून किंवा लसवाहिन्यांतून दुसऱ्या अवयवात जाऊन बसतात. म्हणून लवकर सापडलेला आणि उशिरा सापडलेला कॅन्सर यांत एवढं अंतर असतं. तो शिंकेतून, ताटातून किंवा स्पर्शातून पसरत नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर मी फार पाहिला. कारण उघड आहे. तंबाखू, गुटखा, विडी, आणि बायकांमध्ये मशेरी. किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे या पट्ट्यात फिरताना सकाळी कुठल्याही पाड्यावर गेलं तर तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास यायचा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण मशेरी घरातच भाजली जाते, तिला कोण बंदी घालणार? आम्ही बायकांना ओळीत बसवायचो, टॉर्च लावून तोंडात बघायचो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट झोंबणं, तोंड पूर्ण न उघडणं, अशी काही खूण दिसली की तालुक्याला पाठवायचो.

आणि माझ्या सासूबाई मुरबाडकडच्या आमच्या गावी रोज सकाळी मशेरी लावायच्या. मी शनिवार-रविवारी घरी जाताना मुरबाडच्या बाजारातून त्यांच्यासाठी तंबाखू घेऊन जायचे. होय, मीच. "एवढंच तर सुख आहे त्यांना," असं म्हणायचे. एकदा त्यांनी चटणी खाणं सोडलं. "तोंडाला तिखट सोसत नाय," म्हणाल्या. मी थट्टा केली, "आई, आता तुम्ही शहरातल्या झालात." शेकडो बायकांच्या तोंडात मी टॉर्च मारला असेल, घरच्या तोंडात मारला नाही. पुढे दाढ हलते म्हणून काढून घेतली आणि ती जखम भरेना. तेव्हा मी टॉर्च काढला. हे २००९ साल.

आम्ही परळला टाटा रुग्णालयात गेलो. या रुग्णालयामागेही एका घरातलं दुःख आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथे तुकडा काढून तपासणी झाली. आपल्याकडे समज आहे की सुई किंवा ब्लेड लागलं की कॅन्सर पसरतो. त्या भीतीने माणसं महिने घालवतात. त्या तपासणीशिवाय नेमका आजार कळत नाही आणि नेमका उपचार ठरत नाही.

डॉक्टर हिंदीत समजावत होते. सासूबाईंना ती नीट कळायची नाही, म्हणून मी मध्ये बसून मराठीत सांगत होते. डॉक्टर म्हणाले कॅन्सर, मी सांगितलं दाढेची जखम. डॉक्टर म्हणाले जबड्याचा भाग काढावा लागेल, मी सांगितलं थोडं कापतील. घरी सगळ्यांनी ठरवलं होतं की म्हातारीला सांगायचं नाही, ती हाय खाईल. मला ते तेव्हा प्रेम वाटत होतं.

शस्त्रक्रिया झाली. जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस घेऊन गाल भरला. काही दिवस नाकातल्या नळीवाटे अन्न. जखम भरल्यावर रेडिएशन ठरलं, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. सासूबाई आमच्याकडे इथे राहायला आल्या. रोज आसनगावहून लोकल पकडायची, दादरला उतरून परळ गाठायचं. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो राखीव डबा असतो, त्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं. आम्ही त्यातून जायचो. कोणी विचारलं तर मी सांगायचे, "घशाचं दुखणं आहे."

त्याच डब्यात खर्डीहून एक बाई यायच्या. डोक्याला रुमाल, हातात डबा. एके दिवशी सासूबाईंना सरळ म्हणाल्या, "आजी, मला छातीचा कॅन्सर. तुम्हाला तोंडाचा ना?" मी खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी त्या बाईंना विचारलं, "पोरी, हे लेकरांना लागतं का गं?"

बाई म्हणाल्या, "नाय आजी. माझं पोरगं रोज माझ्याच कुशीत झोपतं."

सासूबाई तिथेच रडायला लागल्या. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. गेल्या कित्येक आठवड्यांत सासूबाईंनी तिला उचललं नव्हतं. ताट वेगळं, पेला वेगळा, मुलगी जवळ आली की पदर तोंडाला लावून पाठ फिरवायची. मला वाटलं दुखत असेल, नाहीतर चेहऱ्याची लाज वाटत असेल. आजार काय आहे ते त्यांना केव्हाच कळलं होतं. पण आम्ही कोणी नाव घेत नव्हतो, मग त्या विचारणार कोणाला? आरोग्य खात्यातली सून घरात असताना एवढा साधा प्रश्न त्यांना लोकलमध्ये एका अनोळखी बाईला विचारावा लागला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आधी नातीला मांडीवर घेतलं, मग पाणी मागितलं.

म्हणून सांगते, रुग्णाला सांगा. एका दमात नको, त्याला झेपेल तसं, तो विचारेल तेवढं. पण खोटं सांगू नका.

आता उपचारांच्या त्रासाबद्दल. त्रास का होतो हे कळलं की भीती कमी होते. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या अस्तरात, आतड्यात आणि रक्त तयार होतं तिथेही भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशी असतात. त्याही भरडल्या जातात. म्हणून बऱ्याच औषधांनी केस गळतात, तोंड येतं, उलट्या-जुलाब होतात. उपचार संपल्यावर केस बहुधा परत येतात. सगळ्यात जपायचं ते तापाला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. तेव्हा ताप १०० च्या वर चढू लागला तर क्रोसिन देऊन घरी वाट बघू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

बाहेरून मशीनने दिलेलं रेडिएशन शरीरात साठून राहत नाही, मूल मांडीवर घ्यायला हरकत नसते. थायरॉइडच्या काही आजारांत किरणोत्सारी औषध पोटात देतात, तेव्हा मात्र काही दिवस वेगळं राहावं लागतं, आणि ते डॉक्टर स्वतः सांगतात. तोंडाच्या रेडिएशनने लाळ आटते, चव जाते, कातडी काळवंडते, जबडा आखडतो. सासूबाईंना सुकटीची चव लागेना याचंच जास्त दुःख होतं. आम्ही नाचणीची आंबील, पेज, मऊ वरणभात असं थोडं थोडं द्यायचो. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम असतो. माझी मुलगी समोर बसून काड्या मोजायची. आकडे ती तिथेच शिकली.

सासूबाई त्यानंतर तीन वर्षं बऱ्या राहिल्या. मशेरी सुटली, आणि पाड्यावरच्या बायकांना स्वतःचा गाल दाखवून त्या जे सांगायच्या, ते माझ्या तीस वर्षांच्या भाषणांपेक्षा जास्त पटायचं. मग मानेत आजार उलटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता बरं करणारा उपचार नाही. या वेळी मी अर्थ बदलला नाही. त्या म्हणाल्या, "मंग मला गावी ने."

उपचार संपले म्हणजे करण्यासारखं काही उरत नाही, असं नसतं. दुखणं थांबवणं हाही उपचारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या वेदनांसाठी पायरीपायरीने औषधं द्यायची पद्धत सांगितली. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे अशा रुग्णांसाठीचं देशातलं पहिलं शुश्रूषागृह सुरू झालं. मॉर्फिनच्या गोळ्यांना लोक घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. डॉक्टरांनी सांगितल्या वेळेला, सांगितल्या मात्रेत दिल्या तर ती भीती धरू नये. त्यांनी पोट मात्र साफ होत नाही, त्याचं औषध सोबत मागून घ्या. सासूबाई त्या गोळ्यांवर शेवटचे महिने ओटीवर बसून काढू शकल्या. म्हशाच्या यात्रेला जाणारी माणसं त्यांना हाक मारून पुढे जायची. त्याच यात्रेच्या दिवसांत त्या गेल्या.

थोडी कामाची माहिती देते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा समावेश आहे, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. गावाकडच्या नातेवाइकांना मुंबईत राहायची अडचण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे विचारा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तोंडाची तपासणी करून घ्यावी, बायकांनी स्तनांची आणि गर्भाशयमुखाचीही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. दहावी झालेल्या स्थानिक मुलींना शिकवून त्यांच्याकडून गर्भाशयमुखाची साधी तपासणी करून घेतली. पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून बघायचं, एवढीच ती तपासणी. ज्या गटात ती झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मोठी मशीन लागली नाही. वेळेवर कोणीतरी बघितलं, एवढंच.

मी आता निवृत्त आहे, पण टॉर्च अजून आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. समितीने परवानगी दिली आहे. निदान करणं माझं काम नाही, पण काही वेगळं दिसलं तर कुठे जायचं ते सांगेन, एकटं जायला भीती वाटत असेल तर सोबत येईन. तुम्ही या, आणि येताना आपले वॉचमन, घरकामाच्या ताई, गावाकडून आलेली आई यांनाही आणा.

जिन्यात भेटलेल्या काकू आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. काकू, रविवारी पहिला नंबर तुमचा.