चांगला केक कुठं मिळतो?

केक म्हटला की पूर्वी ती मुंबई-पुण्याची गोष्ट वाटायची. आता तसं राहिलेलं नाही. तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर काचेचं कपाट मांडलेली दोन-तीन दुकानं असतातच. वाढदिवस असो की शाळेतला निरोपसमारंभ, मुलांना केक हवा असतो. हौसेला मोल नाही म्हणतात. पण हौसेपायी मोजलेले पैसे कष्टाचे असतात. म्हणून चांगलं दुकान कसं ओळखावं, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

आधी माझी फजिती सांगतो. एप्रिलचा महिना, सातवीच्या मुलांचा निरोपसमारंभ. पोरांनी पाच-दहा रुपये करून वर्गणी जमवली. मी तालुक्याला गेलो, सगळ्यांत झगमगीत दुकान पाहिलं आणि वर गुलाबाची फुलं काढलेला केक घेतला. दीड तास मांडीवर धरून एस.टी.नं आणला. खोकं उघडलं, तर फुलं एका बाजूला वाहून गेलेली आणि वास आंबूस. केक टाकून द्यावा लागला. एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, आता?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुकानदाराचं चुकलं होतंच. पण मीही त्याला काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारतो. कधी केलं? कशात केलं? किती वेळ टिकेल? जो दुकानदार न चिडता, न अडखळता उत्तर देतो, त्याच्याकडे पुन्हा जावं. जो म्हणतो, “सगळं ताजंच आहे हो,” त्याला नमस्कार करून पुढं व्हावं.

पहिला प्रश्न ताजेपणाचा. काचेचा थाट पाहू नका, खप पाहा. पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ सालची. तिथल्या श्रूजबरी बिस्किटांसाठी लोक रांग लावतात. माल असा हातोहात गेला, की शिळं राहायला सवडच मिळत नाही. आपल्या तालुक्यातही असं एखादं दुकान असतं. पाटी साधी, पदार्थ चार-पाचच, पण संध्याकाळपर्यंत परात रिकामी. मिठाईच्या बाबतीत तर कायदाही आपल्या बाजूला आला होता. सुटी मिठाई कोणत्या तारखेपर्यंत खावी, हे दुकानात लिहून लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केलं गेलं होतं. ती तारीख दिसली नाही, तर विचारायला लाजू नका.

दुसरा प्रश्न, कशात केलं? दुधाची साय घुसळून केलेलं क्रीम किंचित पिवळसर असतं, उष्म्यानं लवकर सैल पडतं आणि जिभेवर विरतं. वनस्पती तेलाचं क्रीम पांढरंशुभ्र, ताठ. खाल्ल्यावर टाळूला थर राहिल्यासारखा वाटतो. ते विकणं गुन्हा नाही. पण सायीच्या भावानं ते घेऊ नये. बिस्किटं आणि खारीचंही तसंच. तूप, लोणी की वनस्पती, हे विचारून घ्यावं. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटनं हृदयरोगाचा धोका वाढतो, म्हणून तेल-वनस्पतीत ते २ टक्क्यांहून अधिक नसावं, असा नियम २०२२ पासून आहे. आणि घरात माळकरी आजी असेल, तर अंड्याचं आधीच विचारा. केक कापल्यावर “अंडं नाही ना रे यात?” असं आजीनं विचारावं आणि आपण एकमेकांची तोंडं पाहावी, हे बरं नव्हे.

तिसरा प्रश्न टिकण्याचा. क्रीमचा केक थंड कपाटातलाच घ्यावा आणि उन्हाळ्यात लवकरात लवकर संपवावा. वाट लांबची असेल, तर त्याचा मोह सोडा. वेलदोड्याच्या वासाचा मावा केक, साधा स्पंज केक किंवा नानकटाई घ्या. गोव्याला गेलात तर बेबिंक आणा. नारळाचं दूध, अंड्यांतला पिवळा बलक, साखर, मैदा आणि तूप यांचा एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा, अशी त्याची रीत. करायला तास न् तास लागतात. पण तो प्रवासात टिकतो.

आणि एक. मोठी मागणी देण्याआधी एक तुकडा विकत घेऊन चाखा. दहा-वीस रुपयांत पाचशे रुपयांची परीक्षा होते.

आपल्या आयाबाया दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत न्यायच्या आणि समोर बसून नानकटाई भाजून आणायच्या. काही गावांत अजूनही नेतात. त्यांना दुकानाची पारख कुणी शिकवली नव्हती. डोळ्यांदेखत काम करायला जो तयार, तो भट्टीवाला चांगला, एवढं त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी मी साध्या पाटीच्या दुकानातून सकाळीच मावा केक आणले. फुलं नव्हती, नावही काढलेलं नव्हतं. पण खोकं उघडताच वर्गभर वेलदोड्याचा वास पसरला, आणि “आता?” असं कुणी विचारलं नाही.