मत आपलं, टॅली कुणाची?

(गंगापूर रोड, नाशिक येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा आपण गुलाल उधळला. मीही नाचलो. संविधान वाचलं, असं जो तो म्हणत होता. गुलाल केव्हाच धुऊन गेलाय. आता हिशेब करू.

आधी नाशिकचाच. २०१९ ला इथं शिवसेनेचे हेमंत गोडसे २ लाख ९२ हजार मतांनी निवडून आले. २०२४ ला तेच गोडसे शिंदे सेनेकडून उभे राहिले आणि ठाकरे सेनेच्या राजाभाऊ वाजेंनी त्यांना १ लाख ६२ हजारांनी पाडलं. राज्यात काँग्रेस १ वरून १३ वर गेली, भाजप २३ वरून ९ वर आला. पक्ष फुटले होते, कांद्याची निर्यातबंदी शेतकऱ्याला झोंबली होती. सगळं खरं. पण या उलथापालथीत आपली वस्ती कुठं होती?

वंचित बहुजन आघाडीला २०१९ ला राज्यात सुमारे ७ टक्के मतं होती. २०२४ ला ३ च्याही खाली. बरीचशी महाविकास आघाडीकडे गेली. कुणी पैसे वाटले म्हणून नाही. 'चारसौ पार' ऐकलं आणि म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा आला, की आता बाबासाहेबांची घटना बदलणार. ती भीती खोटी नव्हती. पण नुसत्या भीतीपोटी दिलेलं मत घेणाऱ्याला फुकटात पडतं. त्याला ठाऊक असतं, हे जाणार कुठं?

सहा महिन्यांत विधानसभा आली. २८८ पैकी महायुतीला २३०, आघाडी पन्नाशीच्या आत. लाडक्या बहिणीचे दीड हजार घरात आले होते. त्या बाईला शिव्या देऊ नका. तिच्या हातात आपण काय ठेवलं होतं?

याच जिल्ह्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पुढं होते. १९५७ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे नाशिकमधून लोकसभेवर गेले. संयुक्त महाराष्ट्र समिती सोबत होती, म्हणजे दुसऱ्यांचीही मतं होती. पण मागणी आपली होती. १९५९ आणि १९६४ ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. १९७४ ला मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीत पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळी पेटली, भागवत जाधव गेला. काँग्रेसचा उमेदवार पडला. अत्याचार थांबवा, मग मतं मागा, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. मत देताना आणि न देताना, दोन्ही वेळा आपल्या तोंडात शब्द होता.

गोदीत माल आम्ही उचलतो, टॅली दुसरा लिहितो. टॅलीत घोळ झाला की मजुरी आमची बुडते. म्हणून आमच्यातला एकजण आपली वही ठेवतो.

तुम्हीही वस्तीत वही ठेवा. गायरान कसणाऱ्याच्या नावावर झालं का? शिष्यवृत्ती वेळेवर आली का? गटारात उतरून मेला त्याच्या घरी भरपाई पोचली का? मत मागायला येईल त्याच्यापुढं हे पान धरा, त्याची सही घ्या. आणि निवडून आला की सहा महिन्यांनी तेच पान घेऊन त्याच्या दारात उभे राहा. गुलाल त्या दिवशी ठरवू.

जयभीम!