फरशी सोडवताना
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी १९९६ च्या दहावीच्या तुकडीतली. संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर आता घरोघरी सातवीतली मुलंसुद्धा बोलतात. मी फरशीवर बोलते. पलीकडे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आवाज आला, "बरं, पण पंधरा मिनिटांत आटप."

तर आधी सगळ्यांनी जरा पायाखाली बघा. खुर्च्या थोड्या सरकवल्यात तरी चालेल. लाल, काळा आणि मळकट पिवळा. फरशीच्या प्रत्येक कोपऱ्यात पाकळीचा तुकडा, आणि चार फरश्या जुळल्या की मध्ये पूर्ण फूल. भिंतीलगत साखळीची पट्टी. ही पट्टी आठवते ना? पी.टी.चे सर ओरडायचे, "पट्टीच्या बाहेर पाय दिसला तर याद राखा!" प्रार्थनेला डोळे मिटायचे असायचे, पण आपण निम्मे जण खाली बघून बोटाने ही फुलं गिरवत बसायचो.

नववीत भूमितीच्या बाईंनी एकदा आख्खा वर्ग या हॉलमध्ये आणला होता. बाई समोरच बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल. त्यांनी विचारलं, "या जमिनीत एकूण किती प्रकारच्या फरश्या आहेत?" कोणी वीस म्हणालं, कोणी बारा. उत्तर होतं तीन. मधली एक, काठाची एक आणि कोपऱ्याची एक. बाकी सगळं काम फिरवून मांडण्याचं. आज मी ऑफिसात जे करते, त्याचा पहिला धडा मला या जमिनीवर मिळाला, असं मी बाईंना आज पहिल्यांदाच सांगते आहे.

या फरशीला बरेच लोक मोझेक म्हणतात. मोझेक वेगळं, त्यात संगमरवराच्या चिपा असतात. काही जण मिंटन म्हणतात. मिंटन ही इंग्लंडहून आलेली, भट्टीत भाजलेली मातीची फरशी. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती बघायला मिळते. आपल्या पायाखालची फरशी सिमेंटची आहे आणि ती भट्टीत कधी गेलेलीच नाही. ती अशी होते: लोखंडी साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात. जाळीच्या एकेका कप्प्यात रंग घातलेलं पातळ सिमेंट ओततात. बहुतेक रंग लोखंडाच्या ऑक्साइडचे, लाल, पिवळा आणि काळा. मग जाळी अलगद उचलतात. वर सिमेंट-वाळूचं कोरडं मिश्रण पसरतात, हायड्रॉलिक प्रेसखाली दाबतात आणि नंतर फरशी पाण्यात मुरू देतात. म्हणजे वरची नक्षी हा रंगाचा हात नाही. तो तीन-चार मिलिमीटर जाडीचा रंगीत सिमेंटचा थर आहे. म्हणून इतकी वर्षं आपण त्यावर नाचलो तरी फुलं आहेत तिथेच आहेत.

आपल्याकडे या धंद्याला स्वदेशीचा इतिहास आहे. १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि रुस्तम सिधवा यांनी 'भारत टाइल्स' सुरू केली, ती परदेशी फरशीला इथे बनवलेली फरशी उभी करायची म्हणून. पुढे मोझेक आलं, मग मार्बल, मग व्हिट्रिफाइड, आणि ही नक्षी जुन्या वाड्यांत, चाळींत आणि शाळांत उरली.

माझ्याही घरात ती होती. आमची गिरगावातली चाळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. दहावीचा अभ्यास आपण पाच जणींनी आमच्याच बाहेरच्या खोलीत केला. ती खोली दहा बाय बारा फुटांची. आठ इंची फरशी धरली तर पंधरा गुणिले अठरा, म्हणजे दोनशे सत्तर. कोपऱ्याच्या चार, काठाच्या अठ्ठावन्न, मधल्या दोनशे आठ. बाई, प्रकार तीनच.

तीन वर्षांपूर्वी चाळ पुनर्विकासाला गेली. पाडकाम करणाऱ्याने सागवानी वासे, दारं, गजसुद्धा मोजून घेतले होते. फरशी त्याच्या हिशेबात राडारोडा. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "न्या की मॅडम, पण चार दिवसांत." दादा म्हणाला, "वेडी आहेस का? तिचं वजन बघितलंस?" एक फरशी पावणेदोन किलोची. सगळ्या मिळून पावणेपाचशे किलो, आणि आमचा मजला तिसरा.

पहिल्या दिवशी मी हातोडी-छिन्नी घेतली आणि खोलीच्या मध्यापासून सुरुवात केली. अभियांत्रिकीची पदवी असलेल्या बाईने दुपारपर्यंत बावीस फरश्या फोडल्या. खालच्या मजल्यावर एक म्हातारे गवंडीकाका राहायचे. ते आवाज ऐकून वर आले, दारात उभं राहून थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, फरशी उचलायची नसते, सोडवायची असते."

मग त्यांनी दाखवलं. आधी खडूने प्रत्येक फरशीवर आकडा टाकायचा, फोटो काढायचा आणि आलेखाच्या कागदावर नकाशा. कडेची एखादी तडकलेली फरशी बळी द्यायची, ती फोडून काढायची, म्हणजे शेजारणीच्या पोटाखाली शिरायला वाट होते. सांध्यातली माती हॅकसॉच्या पात्याने मोकळी करायची. मग चपटी छिन्नी आडवी सरकवून लाकडी मोगरीने हलके ठोके. जुन्या फरश्या चुन्यात बसवलेल्या असतात आणि चुना सोडतो. थोडा धीर धरला की 'टक्' असा पोकळ आवाज येतो आणि फरशी हातात येते. मोरीजवळ मात्र कधीतरी दुरुस्ती करताना सिमेंट वापरलं होतं. तिथली एकही अखंड निघाली नाही. निघालेल्या फरश्या एकीवर एक आडव्या रचायच्या नाहीत. तोंडाला तोंड लावून, मध्ये वर्तमानपत्र घालून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या.

चार दिवसांचा हिशेब असा: अखंड एकशे त्र्याऐंशी, कोपरा उडालेल्या एक्केचाळीस, फुटलेल्या सेहेचाळीस.

ठाण्याच्या घरी आणल्यावर दुसरी परीक्षा. फिनाइल, तेल, ऑइलपेंटचे थेंब, दिवाळीच्या पणत्यांचे डाग. मी मोरी धुवायचं ॲसिड एका फरशीवर ओतलं. ती फसफसली, आणि पुसून बघते तर लाल रंगाचा गुलाबी झालेला. ॲसिड सिमेंटच खातं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं! त्यानंतर सरळ मार्ग धरला. एक दिवस पाण्यात भिजवायची, पाठीचा आणि कडांचा चुना खरवडायचा, साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश, मग पाणी लावून आधी चारशे नंबरचा आणि नंतर आठशेचा पॉलिश पेपर. पूर्ण वाळली की खोबरेल तेलाचा हलका हात. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या घरांतून अत्तंगुडीच्या फरश्या अशाच तेलाने राखतात. एका फरशीला पाऊण तास लागायचा. मी शनिवार-रविवार हेच करत होते. सात महिने.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगते.

अखंड फरश्यांमध्ये चार अशा होत्या की त्यांच्यावरची नक्षी जवळजवळ गेली होती. रंगाचा थर झिजून खालचं राखाडी सिमेंट उघडं पडलं होतं. नकाशात बघितलं, तर ती जागा खिडकीजवळची. आईच्या शिलाई मशीनची. १९८२ च्या गिरणी संपानंतर बाबांची नोकरी गेली आणि आईने ब्लाउज शिवायला घेतले. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या मशीनवर आली. खुर्ची रोज पुढे-मागे सरकून ती फरशी झिजली होती. मी त्या चार फरश्या सगळ्यांत जास्त जपल्या. डोक्यात ठरवून टाकलं होतं, की नव्या घरात दिवाणखान्याच्या बरोबर मधोमध त्याच बसवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या.

आईला सरप्राइज म्हणून दाखवल्या. तिने चष्मा लावून बघितल्या आणि म्हणाली, "या नको बसवूस."

मी म्हटलं, "अगं, ही तुझी जागा आहे."

ती म्हणाली, "माहीत आहे. रात्री दोनला मान वर करता यायची नाही, तेव्हा मी त्याच फरशीकडे बघत असायचे. आता या वयात सकाळी उठून परत तेच बघू? तुला त्यात माझे कष्ट दिसतात, मला माझी पाठ आठवते."

मला राग आला, खरं सांगते. सात महिने मी घासते आहे, आणि ही असं म्हणते! दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. मग हळूहळू लक्षात आलं की मी सात महिन्यांत गवंडीकाकांना विचारलं, इंटरनेटला विचारलं, रंगाच्या दुकानदाराला विचारलं. आईला काही विचारलंच नव्हतं. त्या खोलीतून मी एकविसाव्या वर्षी बाहेर पडले, म्हणून मला ती गोड वाटते. ती तिथे बेचाळीस वर्षं राहिली.

मग आम्ही दोघी नकाशा घेऊन बसलो. मी विचारत गेले, ती सांगत गेली. ही दारातली, इथे तू रांगायला लागलीस. ही देवाजवळची, ही घे. इथे बाबा पेपर वाचायचे, या सगळ्या घे. ठाण्याची खोली लहान आहे, त्यामुळे निवडायला वाव होता. बसवताना जुन्या फरशीची वीस मिलिमीटर जाडी धरून आधीची व्हिट्रिफाइड काढावी लागली, नाहीतर दारच उघडलं नसतं. कोपरा उडालेल्या फरश्या कापून काठाला वापरल्या. पाडव्याला आईने त्या जमिनीवर पहिली रांगोळी काढली आणि म्हणाली, "रांगोळी उठून दिसत नाही गं या नक्षीवर." म्हणजे घर लागलं!

त्या चार फरश्या मी माळ्यावर ठेवल्या होत्या. पावसाळ्यात आई स्वतःच म्हणाली, "त्या चार कुठे आहेत? गॅलरीत कुंड्यांखाली घाल. तुळशीखाली बऱ्या दिसतील." आता त्या तिथे आहेत. कुंडीतल्या पाण्याने त्यांच्यावर पांढरा क्षार येतो. मी पुसते. आई पुसत नाही.

आता आपल्याकडे येते. येत्या मे महिन्यात ही इमारत उतरवणार आहेत. संस्थेने फरशी काढून न्यायला परवानगी दिली आहे. हा हॉल तीस बाय साठ फुटांचा. पंचेचाळीस गुणिले नव्वद, म्हणजे चार हजार पन्नास फरश्या. सात टन. सगळ्या वाचवता येणार नाहीत, आणि मला वाटतं सगळ्या वाचवूही नयेत. नव्या इमारतीत वाचनालयाचा एक कोपरा, दहा बाय बाराचा, आपल्याला द्यायचं मुख्याध्यापकांनी कबूल केलं आहे. तिथे दोनशे सत्तर बसतात. हा आकडा माझ्या ओळखीचा आहे.

यातल्या कोणत्या घ्यायच्या, हे मी या वेळी आधी विचारायला सुरुवात केली आहे. पहिल्यांदा आपल्या शिपाई मावशींना विचारलं, कारण हा हॉल सगळ्यांत जास्त त्यांनी पाहिला, आणि तोही फडक्याच्या उंचीवरून. त्या म्हणाल्या, "स्टेजसमोरच्या घेऊ नका. तिथं पोरांना शिक्षेला उभं करायचे, पोरं रडायची. खिडकीकडच्या घ्या, तिथं डबे खायची." मावशी, खिडकीकडच्याच घेऊ. शिक्षा करणारे सरही आज इथे आहेत. ते हसत आहेत, म्हणजे त्यांचीही हरकत दिसत नाही.

एप्रिलमधले चारही रविवार मी सकाळी सातपासून इथे असेन. छिन्न्या आणि मोगऱ्या मी आणते. तुम्ही जुने कपडे, हातमोजे, मास्क आणि रद्दी वर्तमानपत्रं आणा. कंबर दुखत असेल त्यांनी नकाशावर आकडे टाकायला बसावं. ते काम भूमितीच्या बाईंच्या देखरेखीखाली होईल. पहिली फरशी फुटली तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्या बावीस फुटल्या होत्या.

पंधरा मिनिटं झाली वाटतं, पी.टी.चे सर घड्याळाकडे बघत आहेत. थांबते.