उलाढाल वाढते तेव्हा विकतो कोण?

एखाद्या भागाची उलाढाल एकाएकी वाढली की त्याला मागणी आली, असे सामान्य बचतदार समजतो. अमेरिकेतील ‘ओव्हर-द-काउंटर’ बाजारात, म्हणजे शेअरबाजाराच्या यादीत नसलेल्या कंपन्यांचे भाग जेथे दलालांमार्फत परस्पर विकले जातात तेथे, ही समजूत फार महाग पडते. प्रत्येक सौद्यात विकणाराही असतो, आणि येथे तो पुष्कळदा नुकतेच निर्माण झालेले भाग घेऊन आलेला असतो.

बँक ज्या कंपनीला दारात उभे करीत नाही, तिला काही धनको परिवर्तनीय कर्ज देतात. त्याची फेड नव्या भागांत होते, आणि तीही त्या वेळच्या बाजारभावाहून कमी दराने. समजा, कर्ज १ लाख डॉलर, भाव १ सेंट आणि सवलत निम्मी. धनकोला २ कोटी भाग मिळतील. भाव पाचव्या हिश्शावर आला, तर त्याच कर्जापोटी १० कोटी भाग द्यावे लागतील. धनकोला फारशी झळ लागत नाही. जुन्या भागधारकाचा हिस्सा मात्र आक्रसत जातो. एका वेळी ४.९९ टक्क्यांहून अधिक भाग धनकोने बाळगू नयेत, अशी अट करारात बहुधा असते. अट मोठी संयमाची दिसते! प्रत्यक्षात तो घेतो, विकतो आणि पुन्हा घेतो. मात्र विकायला गिऱ्हाईक हवे. म्हणून उलाढाल वाढली की परिवर्तनाची मागणी येते, आणि ती आपणहून वाढली नाही तर आकर्षक प्रसिद्धिपत्रके निघतात. यात कारण कोणते आणि कार्य कोणते, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा.

परिवर्तनीय कर्जाशिवायही हे घडते. कॅनडातील हिऱ्यांच्या शोधाचे नाव सांगणाऱ्या ‘सीएमकेएम डायमंड्स’ या कंपनीच्या भागांची संख्या ७०० अब्जांवर गेली होती. भाव सेंटाच्या अंशात, म्हणून गरिबालाही लाखो भाग घेतल्याचे समाधान! अमेरिकेच्या रोखे आयोगाने मार्च २००५ मध्ये तिचे व्यवहार स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये नोंदणी रद्द झाली. हजारो लहान भागधारकांच्या हाती कागद उरला.

उलाढालीचा आकडा रोज डोळ्यांसमोर असतो. एकूण भाग किती झाले, हे मात्र लहान कंपनीच्या तिमाही अहवालात, आणि त्याला ४५ दिवसांची मुदत. सीएमकेएमने तर २००३ मध्येच, आपले नोंदणीकृत भागधारक फार थोडे असल्याचे सांगून, आयोगाला अहवाल देणे थांबविले होते. ती सबब खोटी होती.